लेक पहिल्यांदाच ‘त्याला’ भेटायला निघाली आहे: धास्तावलेल्या बापासाठी

रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये स्कूटर धूत होतो. बायको खाली आली, नळ बंद केला आणि म्हणाली, “लेकीला तुझ्याशी बोलायचंय. आधीच सांगते, ओरडू नकोस.” विषय काय ते कळायच्या आधीच ओरडायला मनाई झाली, म्हणजे आमच्या घरात माझी काय ख्याती आहे ते त्या दिवशी मला समजलं. लेक तेव्हा सोळा वर्षांची, अकरावीत. पुढच्या शनिवारी दुपारी तिला क्लासमधल्या एका मुलासोबत पिक्चरला आणि मग कॉफी प्यायला जायचं होतं. दोघंच. ग्रुप नाही. ‘डेट’ हा शब्द तिने उच्चारलाही नाही. तो मी उच्चारला, मनातल्या मनात, आणि पोटात गोळा आला.

लेक कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेली तरी ती परत येईपर्यंत गॅलरीत उभा राहणारा बाप मी. हा लेख अशाच बापांसाठी आहे. ज्यांना हे सगळं सहज जमतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल, आम्हाला त्यांचा हेवाच वाटतो.

आधी एक कडू हिशेब मांडू. सोळा वर्षांच्या मुलीकडे फोन असतो, मेट्रोचं कार्ड असतं आणि क्लासच्या नावाखाली रोजचे तीन-चार तास असतात. भेटायचं असेल तर ती भेटेलच. तुम्हाला ते कळेल की नाही, एवढंच काय ते तुमच्या हातात. म्हणून तिला खरं सांगणं स्वस्त पडलं पाहिजे आणि खोटं बोलणं महाग. बहुतेक घरांत नेमकं उलटं असतं. खरं सांगितलं की तासभर भाषण, आठवडाभर अबोला आणि फोन जप्त. “मैत्रिणीकडे नोट्स आणायला जाते” म्हटलं की नुसतं “लवकर ये”. आता यातलं शहाणी मुलगी काय निवडेल ते तुम्हीच सांगा.

पहिली दहा मिनिटं

बातमी कुठूनही येऊ शकते. लेकीकडून, बायकोकडून, किंवा “तुमची मुलगी काल झेड ब्रिजवर दिसली हो” असं मुद्दाम गोड आवाजात सांगणाऱ्या सोसायटीतल्या काकांकडून (झेड ब्रिज म्हणजे पुण्यात जोडप्यांनी बसायचा पूल). ती आली की पहिल्या दहा मिनिटांत निर्णय द्यायचा नाही. ‘हो’ नाही आणि ‘नाही’ही नाही. मी जे बोललो ते जसंच्या तसं देतो: “बरं झालं सांगितलंस. मला जरा विचार करू दे. रात्री जेवण झाल्यावर बोलू.” आणि खरोखर त्याच रात्री बोला. बापाच्या ‘बघू’चा अर्थ ‘नाही’ असतो हे मुलांना बालवाडीपासून ठाऊक असतं.

या वेळात तोंडून निघता कामा नयेत असे शब्द म्हणजे लफडं, भानगड, थेरं, धंदे. यातला एक जरी निसटला तरी पुढच्या दोन वर्षांचं संभाषण तिथेच संपतं. खरी पंचाईत अशी की या गोष्टीला बापाच्या तोंडी शोभेल असा मराठी शब्दच सापडत नाही. मी शेवटी “तुमचं शनिवारचं भेटणं” असं म्हणायला लागलो. लांबलचक आहे, पण कुणाला टोचत नाही.

बातमी काकांकडून आली असेल तर त्यांना तिथल्या तिथे सांगायचं, “हो, मला माहिती आहे.” माहिती नसली तरी. हे एक खोटं मी बापांना माफ करून टाकलंय. मग घरी येऊन लेकीला शांतपणे म्हणायचं, “काकांनी तुला पाहिलं. मी सांभाळून घेतलं. आता काय आहे ते मला सांग.” आरडाओरडा करून जे दहा दिवसांत बाहेर येणार नाही ते यातून दहा मिनिटांत येतं.

बायकोला आधीपासून माहीत होतं म्हणून रुसू नका. मी दोन दिवस रुसलो होतो, आणि त्याने माझ्याशिवाय कुणाचंही काही बिघडलं नाही.

वही घ्या, दोन रकाने पाडा

हे वाचायला पोरकट वाटेल, पण करून बघा. रात्री बोलायच्या आधी, जे जे वाटतंय ते सगळं कागदावर उतरवा. मग प्रत्येक ओळीपुढे खूण करा: हा तिला असलेला धोका आहे, की हे मला होणारं दुःख आहे?

माझी यादी सतरा ओळींची झाली. त्यात खरे धोके पाच निघाले: गाडीवरून जाणं, एकांताची जागा, मुलाचं वय, फोनमधले फोटो आणि तिला नको असताना कुणी जबरदस्ती करणं. बाकीच्यांपैकी अकरा ओळी अशा होत्या: लोक काय म्हणतील, बारावीचे मार्क, आजीला कळलं तर, ती आता माझ्यासोबत टेकडीवर येणार नाही, तो देखणा आहे की काय, नसला तर का नाही. ही सगळी माझी दुखणी. ती खरी होती, पण त्यांच्यावरचा उपाय लेकीने का करायचा?

एक ओळ मात्र दोन्ही रकान्यांत बसेना: “सोळाव्या वर्षी मुलं कशी असतात ते मला माहीत आहे.” मला माहीत आहे, कारण मी स्वतः अकरावीत असताना एका मुलीच्या मागे दोन महिने रोज सायकलने लकडी पुलापासून नळ स्टॉपपर्यंत जात असे. एक शब्दही न बोलता. आम्ही मित्र त्याला प्रेम म्हणत होतो. कायद्यात आता त्याला पाठलाग म्हणतात आणि २०१३ पासून तो स्वतंत्र गुन्हा आहे. त्या मुलीला तेव्हा काय वाटत असेल, हा विचार मी तीस वर्षांत पहिल्यांदा त्या रात्री केला. आणि मग लक्षात आलं की हा मुलगा निदान समोर येऊन विचारून तरी भेटतोय.

काय विचारायचं आणि काय गिळायचं

विचारायचं: नाव काय, वय काय, ओळख कुठली, कुठे आणि किती वाजता, जाणार-येणार कसे, आणखी कुणाला माहीत आहे. शेवटी सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, जो मला बायकोने सुचवला: “तुला जायचंच आहे ना? की नाही म्हणता आलं नाही म्हणून जातेयस?” या प्रश्नावर लेक पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत म्हणाली, “मला जायचंय बाबा. मीच विचारलं त्याला.” हे ऐकायची तयारी ठेवून प्रश्न विचारा.

गिळायचे प्रश्न तीन. वडील काय करतात, दहावीला किती टक्के होते, आणि आडनाव काय. तिसऱ्यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडे आडनाव विचारणं म्हणजे काय विचारणं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. तुम्ही साळसूदपणे “म्हणजे कुठले ते?” म्हणता आणि ताकाला जाऊन भांडं लपवता. त्या प्रश्नानंतर पुढचा मुलगा, पुढची मैत्री, पुढची अडचण तुमच्यापर्यंत येणारच नाही. सोळाव्या वर्षी कॉफीला गेलेल्या मुलांच्या पत्रिका जुळवायच्या नसतात.

वयाबाबत मात्र ढिलाई नको. सोळा आणि सतरा, ठीक आहे. सोळा आणि एकवीस असेल तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ आहे, कारणासकट. वीस-बाविशीच्या मुलाला शाळकरी मुलीची सोबत का हवी असते, यावर मुलीशी मोकळेपणाने बोला. त्याच्या हातात पैसे असतात, गाडी असते, वयाचा दरारा असतो, आणि या तिन्हींमुळे तिला ‘नाही’ म्हणणं जड जातं. ओळख निव्वळ इन्स्टाग्रामवरची असेल तर आधी व्हिडिओ कॉल, मग ओळखीतलं कुणीतरी त्याला ओळखतं का याची खातरजमा, आणि पहिली भेट दिवसाउजेडी, तुम्ही जवळपास असताना. इथे ‘जवळपास’ म्हणजे तिला माहीत असलेलं जवळपास. झाडाआड लपलेलं नाही.

मुलाला घरी बोलावायचं का? बोलावलं तर उत्तम, पण पोहे करू नका. गंमत म्हणून सांगत नाही. सोफ्यावर दोन मोठी माणसं, समोर अंग चोरून बसलेलं पोर आणि मध्ये कांदेपोह्यांची बशी, हे दृश्य आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की बाप आपोआप ‘पुढे काय करायचं ठरवलंय?’ म्हणून सुरू होतो. आम्ही त्याला जिन्यातच भेटलो, तो तिला घ्यायला आला तेव्हा. “नमस्कार काका” म्हणाला. मी “पाणी?” म्हटलं. तो “नको” म्हणाला. एवढं पुरलं.

वेळ, जागा, वाहन, पैसे

हा सगळ्यात व्यवहारी भाग आणि इथे मी तडजोड करत नाही.

पहिली भेट दिवसाची आणि ठरलेल्या तासांची. आमचं ठरलं दुपारी एक ते संध्याकाळी सहा. ‘अंधाराआधी’ म्हणू नका, घड्याळातली वेळ सांगा. जानेवारीतला अंधार आणि मे महिन्यातला अंधार यावरून वाद होतो. उशीर होणार असेल तर वेळ संपायच्या आधी मेसेज, नंतर नाही.

जागा वर्दळीची. पुण्यात असाल तर फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता, मल्टिप्लेक्स, संभाजी उद्यान, कात्रजचं प्राणीसंग्रहालय (बुधवारी बंद असतं). नागपूरकरांकडे फुटाळा आहे, कोल्हापूरकरांकडे रंकाळा, मुंबईकरांना मी काय सांगणार. टेकड्या, घाट आणि कुणाचं तरी रिकामं घर पहिल्या भेटीला नको. ऑक्टोबर २०२४ मध्ये बोपदेव घाटात रात्री मित्रासोबत गेलेल्या तरुणीवर झालेला सामूहिक बलात्कार पुण्यातल्या कुठल्याच बापाच्या डोक्यातून गेलेला नाही. दोष त्या दोघांचा नव्हता, हे लेकीला सांगताना आधी सांगा. मग सांगा की नराधम सुधारेपर्यंत आपण जागा आणि वेळ निवडायची. हा क्रम उलटा केलात तर तिला एवढंच ऐकू येईल की काही झालं तर बाबा मलाच बोल लावणार.

पिक्चर कुठला ते बघून घ्या. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर अठराच्या आतल्यांना प्रवेश नाही. २०२४ पासून ‘यूए’मध्येही, म्हणजे पालकांच्या सल्ल्याने बघायच्या पिक्चरमध्येही, सात, तेरा आणि सोळा असे वयाचे टप्पे आले आहेत. तिकीट काढून दारातून परत यायची नामुष्की टळते.

वाहन. इथे माझ्यातला अतिकाळजीखोर बाप शंभर टक्के बरोबर असतो, म्हणून जरा सविस्तर. सोळा ते अठरा या वयात परवाना मिळतो तो फक्त बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. रस्त्यावर दिसणाऱ्या नेहमीच्या ११०-१२५ सीसी स्कूटर त्यात बसत नाहीत. म्हणजे सतरा वर्षांचा मुलगा “काका, मी सोडतो ना हिला” म्हणत असेल तर बहुधा त्याच्याकडे चालू परवाना नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीचा मालक जबाबदार धरला जातो: २५,००० रुपये दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला अल्पवयीन मुलाच्या भरधाव गाडीने दोघांचा जीव घेतला, त्यानंतर हे पुण्यात कुणाला समजावून सांगावं लागू नये, पण लागतं. आमचा नियम साधा होता: मेट्रो, पीएमपीची बस, रिक्षा. वनाज ते डेक्कन मेट्रोने जाता येतं, गर्दी असते, कॅमेरे असतात, आणि दोघांना बोलायला हवा तेवढा वेळही मिळतो.

पैसे. तिच्याकडे तिचे स्वतःचे द्या आणि परतीच्या रिक्षाचे वेगळे, पर्सच्या आतल्या कप्प्यात, रोख. फोनची बॅटरी संपली की यूपीआयही संपतं. बिल कुणी द्यायचं यावर मी मोठं व्याख्यान तयार केलं होतं. लेक म्हणाली, “बाबा, टीटीएमएम करतो आम्ही.” तुझं तू, माझं मी. व्याख्यान खिशात गेलं. फक्त एक वाक्य तिला सांगून ठेवलं: कुणी कॉफी पाजली, पिक्चर दाखवला, घरी सोडलं, तरी आपण त्याचं काहीही देणं लागत नाही.

‘आजीचं औषध’

घरात एक निरुपद्रवी वाक्य ठरवून ठेवा. आमचं वाक्य: “आजीचं औषध संपलंय का?” लेकीने हा मेसेज पाठवला की मी लगेच फोन करायचा आणि मोठ्या आवाजात म्हणायचं, “ताबडतोब घरी ये, आजीला बरं नाही.” तिने चिडचिड दाखवत निघायचं. खलनायक बाप, तिची सुटका. धोकाच असावा असं नाही, नुसता कंटाळा आला असेल तरी चालेल.

या सोयीला एक अट आहे आणि ती बापासाठी आहे. त्या दिवशी घरी आल्यावर “काय झालं?” विचारायचं नाही. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. पहिल्याच वेळी उलटतपासणी घेतलीत तर दुसऱ्यांदा मेसेज येणार नाही.

लाइव्ह लोकेशनचंही असंच. व्हॉट्सॲपवर ते पंधरा मिनिटं, एक तास किंवा आठ तासांसाठी देता येतं. तिने स्वतःहून, तेवढ्या भेटीपुरतं दिलं तर घ्या. गुपचूप ट्रॅकिंगचं ॲप टाकू नका, तिचे चॅट वाचू नका, धाकट्या भावाला हेर म्हणून लावू नका. हे सगळं सापडतंच, आणि मग ती लोकेशन चालू ठेवून फोन मैत्रिणीकडे ठेवायला शिकते.

कायदा: धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून

हे बोलणं मी टाळत होतो. टाळू नका.

२०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे आणि लैंगिक संबंधाला तिने दिलेली संमती कायदा धरत नाही. त्याआधी हे वय सोळा होतं. एकत्र पिक्चर बघणं, गप्पा मारत बागेत बसणं यात गुन्हा काही नाही. पण शारीरिक संबंध किंवा लैंगिक हेतूने केलेला स्पर्श दोघांच्या मर्जीने झाला तरी तो गुन्हा ठरतो. मुलगा अठराच्या आत असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं, अठरा पूर्ण असतील तर विशेष न्यायालयात. समवयस्क पोरांची यात फरफट होते अशी चर्चा बरीच वर्षं आहे. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या २८३ व्या अहवालात वय खाली आणू नये असं सांगितलं, पण सोळा ते अठरा वयोगटातल्या मर्जीच्या प्रकरणांत न्यायाधीशांना शिक्षेबाबत तारतम्य वापरू द्यावं असंही सुचवलं. तूर्त कायदा अठराचाच आहे, आणि हे तिला आणि त्यालाही माहीत असलं पाहिजे.

बापाला माहीत असावी अशी गोष्ट वेगळीच. रागाच्या भरात “याला धडा शिकवतो” म्हणून चौकी गाठलीत, तर दोन दिवसांनी राग निवल्यावर “मागे घेतो” म्हणायची सोय या कायद्यात नाही. जबाब, वैद्यकीय तपासणी, कोर्टाच्या तारखा, हे सगळं तुमच्याच लेकीच्या वाट्याला येतं. जबरदस्ती, धमकी, फसवणूक किंवा मोठ्या वयाचा पुरुष असेल तर क्षणाचाही विचार नको: तातडीला ११२, मुलांसाठी १०९८, आणि पोलिस ठाणं. पण पुलावर हातात हात घालून बसलेली दोन पोरं हा पोलिसांचा विषय नाही, तुमच्या रक्तदाबाचा आहे.

जोडप्यांना गाठून पैसे उकळणारे तोतया पोलिस आणि स्वयंघोषित संस्कृतीरक्षक हा तिसरा प्रकार. त्यांच्या हातातलं एकमेव शस्त्र म्हणजे “घरी फोन लावू का?” हे वाक्य. लेकीला मी उत्तर पाठ करून दिलं: “लावा. नाहीतर मीच लावते.” खरं सांगणं स्वस्त ठेवा असं मी वर म्हटलं त्याची सगळ्यात मोठी कमाई ही आहे. ज्या मुलीच्या घरी सगळं माहीत आहे तिला कुणी घराच्या नावाने घाबरवू शकत नाही.

फोटोंचंही तसंच. कपड्यांशिवायचा फोटो मागितला तर उत्तर ‘नाही’, आणि कुणी न मागता पाठवला तर तो पुढे ढकलायचा नाही, कारण अठराच्या आतल्या कुणाचाही असा फोटो पाठवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, पाठवणारा समवयस्क असला तरीही. पण हे सगळं सांगून झाल्यावर पुढचं वाक्य सांगायला विसरू नका: “आणि समजा पाठवला गेलाच, आणि कुणी धमकी द्यायला लागलं, तरी आधी माझ्याकडे ये. मी ओरडणार नाही.” धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत, त्यांचे स्क्रीनशॉट ठेवायचे, पैसे एकदाही द्यायचे नाहीत, सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर किंवा १९३० वर तक्रार करायची. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा अल्पवयीनांचे असे फोटो मोठ्या समाजमाध्यमांवरून हटवायला मदत करते आणि त्यासाठी फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, नावही द्यावं लागत नाही.

अवघड बोलणं

शरीर, स्पर्श, नकार यावर बापाने बोलावं का? आईने बोललेलं बरं, असं मलाही वाटत होतं. पण आईने सांगितलेलं ‘जप हं’ या स्वरात जातं आणि बापाने काहीच न बोलणं मुलीला ‘हा विषय बाबांसमोर नको’ असं ऐकू येतं. समोरासमोर बसून बोलू नका. स्कूटरवर, भाजी निवडताना, कुकरच्या शिट्ट्या मोजताना बोला, म्हणजे कुणाला कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. मी मटार सोलताना बोललो. एकूण चार मिनिटं, त्यात दोन मिनिटं मटारांबद्दल.

जे बोललो ते एवढंच: नको वाटलं तर कारण द्यायची गरज नाही. “मला नाही आवडत” हे पूर्ण उत्तर आहे. एकदा हो म्हटलं म्हणून पुढच्या वेळी हो म्हणावं लागत नाही. त्याने ‘नाही’ म्हटलं तर तेही तितकंच खरं. आणि कुणी रुसला, रडला, “मग तुझं माझ्यावर प्रेम नाही” म्हणाला, तर ती घरी यायची वेळ झाली असं समज. लेक म्हणाली, “बाबा, हे आम्हाला माहितीये.” असेल. तरी बोला.

तो शनिवार

त्या पाच तासांत बापाने काय करायचं? फोन करायचा नाही. तिथून ‘सहज’ जायचं नाही. मित्राला ‘सहज’ पाठवायचं नाही. ठरलेला एक मेसेज, पिक्चर सुटल्यावर ‘कॉफीला पोचलो’ एवढाच, तो आला की तिला अंगठा पाठवायचा आणि फोन उलटा ठेवायचा. हाताला काम ठेवा: माळा आवरा, पंखे पुसा, सायकलचं पंक्चर काढा. दूरदर्शनसमोर बसू नका. बातम्यांत त्या दिवशी नेमकं तेच दाखवतात.

मी काम ठरवून ठेवलं नव्हतं. त्यामुळे दुपारी दोनला दूध आणायला गेलो. चारला पुन्हा गेलो. साडेपाचला निघालो तेव्हा बायको काही बोलली नाही, फक्त फ्रीजचं दार उघडून धरलं. आत अर्ध्या लिटरच्या सहा पिशव्या होत्या. मी तरी गेलो, कारण डेअरीच्या पायरीवरून रिक्षा स्टँड दिसतो.

सहाला दहा कमी असताना लेक आली. चप्पल काढली, फ्रीज उघडला, आणि म्हणाली, “पाहुणे येणारेत?”

परत आल्यावर

एकच प्रश्न विचारायचा, आणि तो पिक्चरबद्दल. कसा होता, गाणी कशी होती, पॉपकॉर्न केवढ्याला पडले. बाकीचं तिच्याकडून येईल तेव्हा येईल, बहुधा आईकडे, रात्री अकराला, दार लोटून. आतून हसण्याचा आवाज आला तर गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घाला. रात्री अकराला झाडांना पाणी घातलं तरी चालतं.

वेळ पाळली असेल तर ते बोलून दाखवा: “वेळेत आलीस, बरं वाटलं.” तेवढंच. उशीर झाला आणि कळवलं नाही, तर पुढची भेट एक आठवडा पुढे. ही शिक्षा आधी सांगितलेली असावी आणि सांगितली तेवढीच असावी. तिच्यात फोन, जिम, सहल असं काही वाढवत नेलंत तर तो राग आहे, नियम नाही.

खोटं पकडलं गेलं तर? मैत्रिणीकडे म्हणून गेली आणि त्याला भेटली. खोट्याची किंमत वसूल करा, भेटण्याची नको. “तू भेटलीस म्हणून नाही, मला तू कुठे आहेस ते माहीत नव्हतं म्हणून महिनाभर बाहेर जाणं बंद.” हा फरक दोनदा, हळू आवाजात सांगावा लागतो. आणि मग एकटे असताना स्वतःला विचारायचं की खरं सांगितलं असतं तर मी काय केलं असतं. माझं उत्तर एकदा फार लाजिरवाणं निघालं होतं.

काही खुणा दिसल्या तर मात्र सबुरी पुरे. तो तिचे पासवर्ड मागतो, कुणाशी बोलायचं ते ठरवतो, फोन उचलला नाही की वीस मेसेज येतात, तिच्या मैत्रिणी एकेक करून गळतात, तिची झोप आणि जेवण बिघडतं, ती फोन वाजला की दचकते. इथे बोला, लागलं तर समुपदेशकाकडे जा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही. तो शेजारी आला की तिची बडबड वाढते की आवाज बारीक होतो, एवढं बघत राहिलात तरी बरंच कळतं.

आमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं, असं आता तुम्ही विचाराल. तीन महिन्यांत संपलं. कारण मला आजही नीट माहीत नाही. सकाळी आईला सांगितलं, मला संध्याकाळी. मी पोळ्यांना तूप लावत होतो. “आम्ही आता नाही भेटत,” ती म्हणाली. ‘बरं झालं’ हे वाक्य जिभेवर आलं होतं, ते गिळलं. ‘असे छप्पन्न मिळतील’ तेही गिळलं. पहिल्या दुःखाला आपल्याकडचं कुठलंच तयार वाक्य लागू पडत नाही, सगळी समजुतीची वाक्यं दुसऱ्याला गप्प बसवायला केलेली असतात. मी म्हटलं, “जेवतेस का?” ती नको म्हणाली.

थोड्या वेळाने मी पिशवी घेतली आणि दूध आणायला निघालो. ती चप्पल घालून दारात उभी. जाताना काही बोलली नाही. येताना रिक्षा स्टँडपासून घरापर्यंत बोलत होती, आणि सोसायटीच्या फाटकाशी आल्यावर आम्ही आणखी एक चक्कर मारली. दूध दोनच पिशव्या घेतलं होतं.